शेजारच्या गांवचा बंब

'बंब' हा शब्द आपल्या घरांत दोन अर्थांनीं नांदतो. एक बंब न्हाणीघरांत असतो. त्याच्या पोटांत विस्तव आणि भोंवतीं पाणी. दुसरा रस्त्यानें घंटा वाजवीत धांवतो. त्याच्या पोटांत पाणी असतें आणि विस्तव लोकांच्या घरीं. पाणी उपसण्याच्या यंत्राचें पोर्तुगीज लोकांच्या तोंडचें नांव आपल्या भाषेनें घेतलें आणि या दोन्ही वस्तूंस लावून टाकिलें. वर्गांत हा शब्द समजावून सांगतांना पहिल्या बंबाविषयीं मला पुष्कळ बोलतां येई. दुसऱ्याविषयीं फारसें बोलतां येत नसे, कारण माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं तो वेळेवर आल्याचें कोणाच्या स्मरणांत नव्हतें. उंसाला आग लागली म्हणजे निरोप जाई, तालुक्याहून बंब निघे, आणि तो पोहोंचे तेव्हां फड विझलेला असे. कोणीं विझविल्यामुळें नव्हे, जळावयाचें कांहीं उरलें नाहीं म्हणून.

इ. स. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटींत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस कौंटींत माझ्या थोरल्या बहिणीकडे राहण्याचा योग आला. तेथें बंबांचें एक फार मोठें कुटुंब मीं पाहिलें, आणि त्याची हकीकत या वार्षिकाच्या वाचकांस सांगावी असें तेव्हांच मनांत आलें होतें. पुढें जानेवारी २०२५ मध्यें जें घडलें त्यामुळें ती हकीकत पूर्वीं सांगितली असती तितक्या निर्धास्तपणें आतां सांगवत नाहीं. पण न सांगावी असेंहि वाटत नाहीं.

ताई परिचारिकेचें शिक्षण घेऊन पुष्कळ वर्षांपूर्वीं तिकडे गेली व आतां कामांतून निवृत्त होऊन कार्सन या गांवीं राहते. तिच्या घरापासून कांहीं रस्त्यांच्या अंतरावर, तेल शुद्ध करण्याच्या एका विस्तीर्ण कारखान्याच्या शेजारीं, कौंटीच्या अग्निशामक दळाचें १२७ क्रमांकाचें ठाणें आहे. सकाळीं मी फिरावयास निघे तेव्हां तें रोज वाटेंत लागे. दरवाजा उघडा असला म्हणजे आंत तांबड्या गाड्या दिसत, आणि गाडीच्या बाजूस जमिनीवर बूट मांडून ठेविलेले दिसत. बुटांत विजारींचे पाय आधींच घातलेले असत. घंटा झाली कीं माणसानें बुटांत पाय घालावा, विजार वर ओढावी आणि गाडींत चढावें, अशी योजना. शाळेची पहिली घंटा झाल्यावर बुटाच्या नाड्या शोधीत बसणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांची मला त्या वेळीं आठवण झाली.

कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा मुलूख. ही कौंटी लोकसंख्येनें अमेरिकेंत सर्वांत मोठी, इ. स. २०२० च्या शिरगणतींत तिची वस्ती एक कोटीच्या थोडी वर भरली. क्षेत्रफळ चार हजार चौरस मैलांहून अधिक. इकडे समुद्र, तिकडे दहा हजार फूट उंचीचे डोंगर, डोंगरांपलीकडे ओसाड वाळवंट. आणि या सर्वांत विखुरलेलीं ८८ नगरें, शिवाय कोणत्याच नगरांत न मोडणाऱ्या वस्त्या. यांपैकीं लॉस एंजेलिस शहराचें स्वतःचें निराळें अग्निशामक दळ आहे. लाँग बीच, पासाडेना अशा कांहीं नगरांचींहि आपापलीं आहेत. बाकीचीं साठेक नगरें आणि सर्व मोकळा मुलूख कौंटीच्या एकाच दळाकडे सोंपविलेला आहे. त्याचीं सुमारें पावणेदोनशें ठाणीं आहेत. दळाच्या मुख्याधिकाऱ्यास अद्यापि 'वनपाल' व 'अग्निरक्षक' या पदव्याहि लाविल्या जातात, कारण या संस्थेचें मूळ डोंगरांतील रानें राखण्याच्या कामांत आहे. रोपवाटिकेंत झाडें वाढविणें आणि आगी विझविणें हीं दोन्ही कामें एकाच खात्याकडे असावींत हें मला प्रथम विचित्र वाटलें. मागाहून तें अगदीं साहजिक वाटूं लागलें. इ. स. १९९४ पासून समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्यांस वांचविणारे रक्षकहि याच दळांत आहेत.

मला नवल वाटलें तें असें कीं, पुष्कळ नगरांजवळ स्वतःचा म्हणावा असा एकहि बंब नाहीं. इ. स. १९५४ मध्यें लेकवुड नांवाच्या वसाहतीनें नगर होण्याचें ठरविलें, परंतु नगराला लागणारीं बहुतेक कामें स्वतः न उभारतां कौंटीकडून मोबदला देऊन करून घ्यावयाचीं असा पायंडा पाडला. मग इतर नव्या नगरांनीं तोच कित्ता गिरविला. हिशेब सोपा आहे. उंच शिडीच्या एका गाडीला आज दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत पडते. वीस हजार वस्तीच्या गांवानें ती घेतली तर ती बहुतेक दिवस धूळ खात उभी राहणार. आणि ज्या दिवशीं खरोखर मोठी आग लागेल त्या दिवशीं ती एकटी पुरणार नाहीं.

एके दिवशीं ताईनें मला ठाण्यांत नेलें. तिनें केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा बरोबर होता. आमच्या आईची ही रीत तिनें साता समुद्रांपलीकडे चालविली आहे. ठाण्याच्या कॅप्टनानें आमचें फार अगत्यानें स्वागत केलें. मीं विचारिलें, "हा बंब कार्सन गांवचा ना?" तो हंसून म्हणाला, "राहतो कार्सनला. पण ज्याच्या घरीं आग, त्या दिवशीं तो त्याचा." गांवाची शीव कोठें संपते हें बंब हांकणाऱ्याला पाहण्याचें कारण नाहीं, जें ठाणें जवळ तेथील गाडी निघते, आणि ती निघाली कीं तिच्या रिकाम्या जागीं दुसऱ्या ठाण्याची गाडी आणून उभी करितात. एक घर वांचवितांना दुसरें उघडें पडूं नये यासाठीं ही खबरदारी.

गाडी त्यानें सावकाश दाखविली. आपण ज्याला बंब म्हणतों त्या गाडींत पाण्याची टाकी असते ती सुमारें ५०० गॅलनांची, म्हणजे १,९०० लिटरांच्या आसपास. एवढ्या अवजड गाडींत इतकेंच पाणी, हें ऐकून माझी थोडी निराशाच झाली. पण तिचा पंप मिनिटास हजाराहून अधिक गॅलन पाणी फेंकूं शकतो. पूर्ण जोरानें सोडिला तर टाकी अर्ध्या मिनिटांत कोरडी. तेव्हां टाकींतील पाणी केवळ आरंभापुरतें. एक माणूस तेवढ्या पाण्यावर आगीस तोंड देतो आणि दुसरा तोंवर रस्त्याच्या कडेच्या बंबाच्या नळाला जाड नळी जोडतो. खरें पाणी तेथून यावयाचें, आणि तें गांवानें पूर्वींच जमिनीखालून आणून ठेविलेलें असावयाचें. बंब पाणी आणतो अशी माझी समजूत होती. वस्तुतः तो मुख्यतः जोर आणि माणसें आणतो. हें वाक्य मीं टिपून घेतलें होतें. पुढें तें निराळ्या अर्थानें आठवलें.

दुसरी गाडी शिडीची. तिच्यावरील शिड्या यंत्रानें उभ्या होतात, कुऱ्हाडी, करवती, लांब आंकडे यांची एक पेटीच तिच्या कुशींत असते. छपरास भोंक पाडून धूर व ताप बाहेर काढून देणें हें शिडीवाल्यांचें मुख्य काम. घर वांचविण्यासाठीं घराला भोंक पाडावें लागतें हें ऐकून ताई म्हणाली, "शस्त्रक्रियेसारखेंच."

येथील माणसें एका वेळीं पुरे चोवीस तास ठाण्यांतच राहतात. स्वयंपाक स्वतः करितात, आणि वाणसामानाचे पैसे आपसांत वर्गणी करून देतात. पहिला घांस तोंडाशीं नेला आणि घंटा झाली, असें किती वेळां होतें, हें मीं विचारिलें. तेव्हां सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें व कोणीच आंकडा सांगितला नाहीं. बोलतां बोलतां कॅप्टनानें हिंदुस्थानांतील बंबवाल्यांविषयीं पृच्छा केली. मीं त्याला १४ एप्रिल १९४४ ची हकीकत सांगितली: मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज कापसाच्या गांठी आणि दारूगोळा एकत्र घेऊन उभें होतें, त्यास आग लागली, आणि ती विझवीत असतां झालेल्या स्फोटांत बंबखात्याचे ६६ जवान ठार झाले. तो दिवस आपल्या देशांत दर वर्षीं पाळितात हेंहि सांगितलें. त्यानें तो आंकडा दोनदां विचारून घेतला आणि ठाण्यांतील इतरांस हांक मारून तो त्यांना सांगितला. नारळाच्या वड्या त्यानंतर कांहीं वेळ तशाच राहिल्या.

या ठाण्याला एक मजेची कीर्ति आहे. इ. स. १९७२ ते १९७७ या काळांत 'इमर्जन्सी' नांवाची एक मालिका अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर दाखवीत असत. तींतील '५१ क्रमांकाचें ठाणें' म्हणजे हेंच १२७ क्रमांकाचें ठाणें. मालिकेच्या निर्मात्याचें, रॉबर्ट सिनाडर यांचें, नांव पुढें या ठाण्यास देण्यांत आलें. तींतील गाड्या आतां बेलफ्लॉवर येथील दळाच्या संग्रहालयांत आहेत. मालिकेंतील दोन मुख्य पात्रें एका अशा लहान गाडींतून हिंडत कीं जींत पाण्याचा थेंबहि नसे. औषधें आणि उपकरणें मात्र असत. अशीच एक गाडी मी एका रविवारीं प्रत्यक्ष पाहिली. ताईच्या मंडळींतील एक वृद्ध गृहस्थ उपासना चालू असतां बाकावरून कोसळले. कोणीं तरी टेलिफोन केला, आणि दुसरें गीत संपावयाचें होतें तोंच दोन माणसें पेट्या घेऊन आंत आलीं. त्यांनीं त्या गृहस्थांच्या छातीस तारा लाविल्या, हातांत सुई घातली, रुग्णालयाशीं बोलणें केलें आणि त्यांस घेऊन गेलीं. बाहेर लहान गाडीच्या मागें पाण्याचा बंबहि येऊन उभा होता. आग कोठेंच नव्हती. ताई म्हणाली कीं आतां बंबवाल्यांना येणाऱ्या हांकांपैकीं बहुतेक अशाच असतात. धूर थोडा, दुखणें फार.

हें काम पूर्वीं नव्हतें. इ. स. १९६९ मध्यें याच भागांतील हार्बर जनरल रुग्णालयांत कौंटीच्या कांहीं जवानांना हृदयविकाराच्या रोग्यावर जागच्या जागीं उपचार करण्याचें शिक्षण देण्यास आरंभ झाला. पण शिकून उपयोग काय? इंजेक्शन देण्याचा अधिकार कायद्यानें त्यांना नव्हता. म्हणून सुरुवातीस रुग्णालयांतील परिचारिका त्यांच्या गाडींतून बरोबर जात. इ. स. १९७० मध्यें कॅलिफोर्नियाचे तेव्हांचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीं नव्या कायद्यावर सही केली आणि रुग्णालयाशीं बोलणें चालू ठेवून असे उपचार करण्याची जवानांस मोकळीक मिळाली. बंबाच्या गाडींत बसून जाणाऱ्या त्या पहिल्या परिचारिकांविषयीं ताई ज्या अभिमानानें बोलते तो ऐकण्यासारखा आहे. त्यांतील एखादी तिची मावशी असावी असें वाटतें.

ठाण्याच्या भिंतीवर एक पाटी होती. तिच्यावर दोन हातांत धरलेल्या तान्ह्या बालकाचें चित्र. मीं अर्थ विचारिला. कॅलिफोर्नियांत इ. स. २००१ पासून असा कायदा आहे कीं, ज्या मातेला आपलें नवजात मूल सांभाळणें शक्य नाहीं तिनें तें जन्मापासून ७२ तासांच्या आंत रुग्णालयांत अथवा अशा ठाण्यांत आणून द्यावें. तिला नांव विचारीत नाहींत, दोष देत नाहींत. मुलाच्या पायांत एक खुणेची पट्टी बांधितात व तशीच पट्टी आईला देतात. चौदा दिवसांच्या आंत तिचें मन फिरलें तर ती घेऊन तिनें परत यावें. केडगांवच्या मुक्तिसदनाचें दार पंडिता रमाबाईंनीं ज्यांच्यासाठीं उघडें ठेविलें होतें त्या मातांची आणि बालकांची मला आठवण झाली. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा होतों. जेथें चोवीस तास कोणी तरी जागें असतें अशी जागा गांवांत एक तरी असावी, आणि ती कोठें आहे हें अत्यंत भ्यालेल्या माणसालाहि ठाऊक असावें, ही गोष्ट सामान्य नव्हे.

आतां शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या मदतीस धांवण्याविषयीं. ही गोष्ट बोलावयास सोपी. ती शिकतांना त्या देशाला फार किंमत मोजावी लागली. इ. स. १९०४ च्या फेब्रुवारींत बाल्टिमोर शहरास आग लागली तेव्हां वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धांवून आले. पण पुष्कळांच्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या नळांना बसेनात; प्रत्येक शहराचे आंटे निराळे! पाणी आहे, बंब आहेत, माणसें जिवावर उदार आहेत, आणि मध्यें चार बोटांचा एक पितळी जोड बसत नाहीं. पंधराशेंहून अधिक इमारती जळाल्या.

दक्षिण कॅलिफोर्नियांत इ. स. १९७० च्या सप्टेंबर-आक्टोबरांत तेरा दिवस रानें जळत होतीं. १६ माणसें मेलीं, सातशेंहून अधिक इमारती गेल्या, पांच लाख एकरांहून अधिक मुलूख भाजला. या खेपेस नळ्या जुळल्या, पण बोलणें जुळेना. एका दळाचा बिनतारी यंत्राचा आवाज दुसऱ्यास ऐकूं येत नव्हता. एकच वस्तु एकीकडे एका नांवानें तर दुसरीकडे दुसऱ्या नांवानें ओळखीत. हुकूम कोणीं कोणास द्यावयाचा हें ठरलेलें नव्हतें. या अनुभवांतून लॉस एंजेलिस कौंटी, शेजारच्या कौंट्या, शहरचें दळ, प्रांतिक सरकार आणि मध्यवर्ती वनखातें यांनीं एकत्र बसून एक पद्धति बसविली. संकटाच्या जागीं मुख्य एकच. सांकेतिक शब्द न वापरतां साधें बोलणें. आणि एका नायकाच्या हाताखालीं शक्यतों पांचच माणसें. (हा शेवटचा नियम वाचून, साठ विद्यार्थ्यांच्या वर्गावर उभा राहणारा शिक्षक उसासा टाकील.) ही पद्धति पुढें जगभर पसरली. आपल्या देशांतील राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानेंहि इ. स. २०१० मध्यें तिला आपल्याकडील रूप देऊन मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले.

यरुशलेमाहून यरीहोस जातांना लुटारूंच्या हातीं सांपडलेल्या मनुष्याचा दृष्टांत आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ आहे. तो शिकवितांना आपण शोमरोनी मनुष्याच्या दयेवर भर देतों, आणि तें योग्यच आहे. पण त्याच्याजवळ जखमांवर ओतावयास तेल व द्राक्षारस होता, बसवावयास जनावर होतें, आणि उतारशाळेच्या मालकास द्यावयास नाणीं होतीं, इकडे माझें लक्ष कार्सनहून परत आल्यावर गेलें. तो घरून निघाला तेव्हांच त्याची तयारी होती. दया आली आणि हात रिकामे, अशी त्याची स्थिति नव्हती.

या कौंटीच्या शेजारधर्माचीं दोन उदाहरणें ओझरतीं सांगून पुढें जातों. इ. स. १९९४ पासून दर शरद्ऋतूंत कॅनडांतील क्वेबेक प्रांताहून दोन विमानें भाड्यानें येतात. तीं तळ्याच्या अथवा समुद्राच्या पाण्यावरून घसरत जाऊन बारा सेकंदांत सुमारें सहा हजार लिटर पाणी पोटांत भरून घेतात व आगीवर नेऊन ओततात. तिकडे हिमवर्षाव होऊं लागला म्हणजे रानें पेटत नाहींत. इकडे नेमका तोच काळ वाईट. दुसरें उदाहरण कैद्यांचें. नारिंगी कपडे घातलेल्या त्यांच्या तुकड्या डोंगरावर चढून, गवत व झुडपें तोडून आगीच्या वाटेंत मोकळी पट्टी आंखतात. इ. स. २०२५ च्या जानेवारींतील आगींवर अशा हजाराच्या आसपास कैद्यांनीं काम केलें. त्यांस तेव्हां दिवसाचे पांच ते दहा डॉलर आणि आगीवर असतां तासाला आणखी एक डॉलर इतकेंच वेतन मिळे. माझ्या मतें हें वेतन त्या श्रीमंत देशास शोभणारें नव्हतें.

आणि आतां तो जानेवारी. कार्सनच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशीं, अल्टाडीना नांवाची वस्ती आहे. ती नगर नाहीं. कौंटीच्या मोकळ्या मुलखांत मोडते, म्हणून तिचें अग्निरक्षण कौंटीच्याच दळाकडे. ताईच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका तेथें पश्चिमेकडील भागांत राहत. त्या कृष्णवर्णीय, एके काळीं त्यांच्या समाजास इतरत्र घर विकत घेऊं देत नसत, तेव्हां पुष्कळ कुटुंबांनीं याच भागांत काटकसरीनें घरें केलीं आणि मुलांनातवंडांस राखून ठेविलीं. २०२३ मध्यें आम्ही त्यांच्याकडे जेवावयास गेलों होतों. जवळच्या एका रस्त्यास दोन्ही बाजूंनीं प्रचंड देवदार आहेत. ते इ. स. १८८५ मध्यें लाविलेले. १९२० पासून नाताळांत त्यांवर दिवे लावितात. आमच्या हिमालयाचीं झाडें येथें नाताळ साजरा करितात हें पाहून मला झालेला आनंद त्या बाईंना समजला, आणि त्यांनीं मला तो रस्ता शेवटपर्यंत चालवून आणिलें.

७ जानेवारी २०२५ रोजीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास समुद्राकडील पॅलिसेड्स भागांत आग लागली व तिकडे बंबांची रीघ लागली. त्याच दिवशीं संध्याकाळीं सवासहाच्या पुढें अल्टाडीनाजवळील ईटन नांवाच्या दरींत दुसरी पेटली. डोंगरावरून येणारा कोरडा वारा ताशीं ऐंशीं मैलांहून अधिक वेगाचे झोत घेत होता. अशा वाऱ्यांत विमानें उडेनात. ठिणग्या एका घरावरून दुसऱ्यावर अशा नव्हे, तर एका गल्लींतून तिसऱ्या गल्लींत पडत. रस्त्यांवरील नळांचा जोर कमी होत गेला आणि कित्येक नळ कोरडे पडले. बंब मुख्यतः जोर आणि माणसें आणतो, पाणी नव्हे, हें माझें टिपलेलें वाक्य मला येथें हजारों मैल दूर बसून वृत्तान्त वाचतांना आठवलें.

पूर्वेकडील भागांतील लोकांस निघून जाण्याचा हुकूम रात्रीं लवकर मिळाला. लेक अॅव्हेन्यू नांवाच्या रस्त्याच्या पश्चिमेस तो पहांटे साडेतीनच्या सुमारास पोहोंचला. आणि जे प्राणास मुकले त्यांपैकीं बहुतेक त्याच बाजूचे होते. एकंदर १९ माणसें गेलीं, नऊ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. आग पूर्ण आटोक्यांत आली ती ३१ जानेवारीस. कौंटीनें स्वतंत्र तज्ज्ञांकडून चौकशी करविली. तिचा अहवाल सप्टेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला व सूचना देण्याच्या व्यवस्थेंतील उणिवा त्यांत नमूद झाल्या. ज्या मुलखांत एकमेकांच्या हांकेला धांवण्याची पद्धति जन्मली, तेथेंच हांक वेळेवर पोहोंचली नाहीं, हें लिहितांना मला जड जातें. पण आजच्या मुलांपासून तें लपवून बंबांचें नुसतें कौतुक सांगणें मला प्रामाणिक वाटलें नसतें.

मदत आली, आणि ती फार दुरून आली. इतर संस्थानांतून, कॅनडांतून, मेक्सिकोंतून बंबवाले आले. क्वेबेकच्या दोन विमानांपैकीं एकास ९ जानेवारी रोजीं पॅलिसेड्सच्या आगीवर कोणा हौशी मनुष्यानें उडविलेल्या ड्रोनची धडक बसली, पंखास भोंक पडलें, आणि तें विमान ऐन गरजेच्या वेळीं जमिनीवर उभें करावें लागलें. आमच्या वरच्या वर्गांतील ज्या मुलांना या खेळण्याचा नाद आहे त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. कार्सनच्या ठाण्याविषयीं ताईनें लिहिलें कीं, तेथील नेहमींची गाडी कित्येक दिवस दिसली नाहीं. तिच्या जागीं दुसऱ्याच क्रमांकाचा बंब उभा होता, आणि दारांत मांडलेले बूट अनोळखी माणसांचे होते.

त्या वृद्ध शिक्षिका वांचल्या. त्या रात्रीं वीज गेलेली होती. त्या कपड्यांची पिशवी भरून, अंगांत कोट घालून बाहेरच्या खोलींत बसल्या होत्या. ईशान्येकडचें आकाश तांबडें होत होतें, आणि वाऱ्यांत दूर कोठें तरी बंबांचे आवाज येत व बुडत. मध्यरात्र उलटल्यावर शेजारच्या घरांतील तरुण मुलानें दार ठोठावलें. त्याचें कुटुंब मेक्सिकोहून आलेलें. दोन वर्षांच्या शेजारांत त्याचा व बाईंचा संबंध नमस्कारापलीकडे फारसा गेला नव्हता. त्यानें त्यांस उचलूनच आपल्या गाडींत बसविलें, मागच्या बाजूस स्वतःची आजी आधींच बसलेली होती, आणि कोणाच्याहि हुकुमाची वाट न पाहतां तो दक्षिणेकडे निघाला. सकाळीं दोन्हीं घरें नव्हतीं. देवदार मात्र वांचले आहेत.

बाई आतां ताईच्या मंडळींतील एका कुटुंबाकडे राहतात. घर बांधावयाचें कीं जागा विकावयाची हें त्यांनीं अद्यापि ठरविलें नाहीं. विकत घेणाऱ्यांचीं पत्रें मात्र त्यांना पुष्कळ येतात, आणि तीं त्या न फोडतां ताईच्या हवालीं करितात. जुनें बायबल घराबरोबर गेलें. मंडळीनें दिलेल्या नव्या बायबलाच्या पहिल्या कोऱ्या पानावर, जेथें कुटुंबांतील जन्म व विवाह लिहून ठेवावयाचे, तेथें त्यांनीं अजून एकच ओळ लिहिली आहे: त्या शेजारच्या मुलाचें नांव, त्याच्या आजीचें नांव, आणि त्यांचा टेलिफोनचा क्रमांक.